सेलूत हातांनी बोलतात

चिपळूणहून सेलूला लग्नाच्या खरेदीला निघालो, तेव्हा आळीतल्या लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. खरेदीला माणसं पुण्याला जातात, मुंबईला जातात, फार तर कोल्हापूरला. परभणी जिल्ह्यात कोण जातं? सासूबाईंनी तर मुलांचा शाळेचा नकाशा उलगडून सेलू शोधलं आणि त्यावर बोट ठेवून काळजीने विचारलं, "इथे प्यायला पाणी तरी असतं का गं?" पाणी असतं. शिवाय बरंच काही असतं. ज्यांनी सेलू पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांनी पाहिलंय त्यांनी माझ्या चुका खुशाल काढाव्यात.

जायला निमित्त होती कुसुम. पुण्यात डी. एड. करताना आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो आणि एकाच साबणावरून कडाकडा भांडलो. पुढे मी चिपळूणला मास्तरीण झाले आणि ती लग्न होऊन सेलूला मास्तरीण झाली. गेली बारा वर्षं तिचं प्रत्येक पत्र "हुरड्याला ये" या वाक्याने संपत होतं. या वेळच्या पत्रात तिने वर भर घातली होती की आमच्या गावच्या कापसासारखा कापूस नाही, भाचीच्या लग्नाच्या गाद्या इथूनच ने.

पण खरं सांगायचं तर मी गाद्यांसाठी गेले नाही. मी गेले वन्संसाठी. वत्सलावन्सं ही माझी थोरली नणंद, आमच्याच आळीत दिलेली. आळीतलं हळदीकुंकू त्यांच्याशिवाय सुरू व्हायचं नाही, आणि त्या असल्या की संपायचं तर मुळीच नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला पण दोन्ही कान घेऊन गेला. पुण्याहून कानाचं मशीन आणलं, ते छातीवर अडकवलं की नुसतं शिट्ट्या मारायचं. ते कपाटात गेलं आणि वन्सं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेल्या. कुणी काही बोललं की हसून मान डोलवायच्या. साखर संपली म्हटलं तरी डोलवायच्या, अमका वारला म्हटलं तरी डोलवायच्या.

आता वैशाखात त्यांच्या मीनाचं लग्न होतं आणि वन्संनी जाहीर केलं होतं की मी मांडवात बसणार नाही. "व्याही काय विचारतील ते मला कळायचं नाही. नाही म्हणायच्या जागी हो म्हणून बसेन, पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. कन्यादान सुमन आणि बाळ करतील." सुमन म्हणजे मी आणि बाळ म्हणजे माझे यजमान. मीना रडली, वन्संच्या यजमानांनी दोन दिवस जेवण सोडलं, आम्ही पाटीवर लिहून लिहून खडू संपवले. बाई ऐकेनात. मग मी ठरवलं की यांना आधी घरातून तरी बाहेर काढायचं. पाटीवर एवढंच लिहिलं, "सेलूला गाद्या घ्यायला जाते. दुकानदार मला फसवतील. तुम्ही चला." वन्संना घासाघीस करण्याचं पहिल्यापासून व्यसन. पाटी पुसून त्या पिशवी भरायला लागल्या.

पहिला दिवस

मनमाडला गाडी बदलली की रूळ लहान होतात आणि गाडीचा वेग त्याहून लहान होतो. तो भाग मी गाळते. सकाळी सेलू स्टेशनात उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. मराठवाडा म्हणजे ऊन एवढीच आमची माहिती, त्यामुळे दोघींचे स्वेटर चिपळूणच्या कपाटात सुखरूप होते. कुसुम फलाटावर उभी होती. तिने स्वतःची शाल वन्संच्या अंगावर टाकली आणि मला म्हणाली, "आलीस एकदाची! बारा वर्षं झाली वाट बघायलेय मी."

आमच्याकडे नजर दूर टाकली की ती एखाद्या डोंगराला नाही तर माडाला अडकते. इथे ती सुटली की सुटली. काळी जमीन, तिच्यावर पुरुषभर उंच ज्वारी, आणि त्या ज्वारीच्या पलीकडे चार-पाच उंच धुराडी. धुराड्यांतून धूर मात्र येत नव्हता. कुसुमचे यजमान, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, त्यांनी रिक्षातच सगळी माहिती दिली. सेलू हे कापसाच्या गिरण्यांचं गाव. इथल्या गिरण्यांत कापड विणत नसत, कापसातून सरकी काढत. त्याला जिनिंग म्हणतात, आणि ज्या यंत्रावर ते होतं त्याला इथे रेचा म्हणतात. एकेका शेडमध्ये रेच्यांची रांग, आणि प्रत्येक रेच्यापुढे हाताने कापूस लोटणारी एक बाई. हंगामात बैलगाड्यांची रांग वेशीबाहेर जायची. मग कापसाची खरेदी सरकारकडे गेली, काही मालक आपसांत भांडले, आणि बऱ्याच शेडना कुलूप लागलं.

"मग आता गावात काय आहे?" मी विचारलं.

"बाजार हाय, नाटकं हायत, खाणं हाय," गुरुजी म्हणाले. "गिरणी बंद पडली म्हणून जीभ बंद पडत नाही, वहिनी."

खाण्याचं त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. दुपारी ज्वारीची भाकरी, करडईची पालेभाजी, येसराची आमटी, जवसाची चटणी आणि वर कच्च्या करडईच्या तेलाची धार. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्यांचा आणि मसाल्याचा घरचा साठा. पाण्यात कालवून उकळला की दहा मिनिटांत आमटी. आमच्या ओल्या नारळाच्या वाटपाला जी अर्धी दुपार जाते ती मला आठवली आणि मी तिथेच येसराची पाककृती लिहून घेतली. तीन भाकऱ्या झाल्यावर मी सवयीने भात मागितला. कुसुम दचकून म्हणाली, "का गं, बरं वाटत नाही का?" त्यांच्याकडे भात आजाऱ्याला. आमच्याकडे भात नसेल तर जेवण झालं असं कुणी मानत नाही.

संध्याकाळी आठवडी बाजारात गेलो आणि तिथे माझी शोभा झाली. एक धनगर म्हातारबाबा घोंगड्या घेऊन बसले होते. काळीभोर, हाताला खरखरीत, पण अशी घट्ट विणलेली की पाणी आत शिरू नये. वन्सं घोंगडी चाचपत होत्या आणि त्यांचा चेहरा खुलायला लागला होता. हे घासाघिशीच्या दृष्टीने फार वाईट. म्हणून मी त्यांच्या कानाला तोंड लावून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "वन्सं! घोंगडी उत्तम आहे! पण उत्तम आहे असं दाखवू नका! किंमत वाढवेल तो!"

सगळा बाजार थांबला. म्हातारबाबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि शांतपणे म्हणाले, "न्हाई वाढवत, बाई. म्हणा उत्तम."

घोंगडी त्यांनी सांगितलेल्या किमतीला घेतली. घासाघीस करायला तोंडच उरलं नव्हतं. वन्संना काय झालं ते कळलं नाही, पण भोवतालचे लोक आपल्याकडे बघून हसतायत एवढं कळलं. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला आणि घरी येईपर्यंत मान वर केली नाही. मला माझ्या घशाचा इतका राग आला होता की रात्री कुसुमने दिलेला काढासुद्धा मी घेतला नाही.

दुसरा दिवस, जिनिंगच्या फाटकापाशी

सेलूत धपाटी खायची तर गयाबाईकडे, असं कुसुमचं मत. बंद पडलेल्या मोठ्या जिनिंगच्या फाटकाबाहेर गयाबाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक चूल, एक तवा, दोन बाकं आणि गयाबाई. वय साठीच्या पुढे, अंग भरलेलं, आवाज पलीकडच्या गावाला पोचेल असा. ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या पिठात कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण घालून ती ओल्या फडक्यावर धपाटं थापते. थापताना जो धप् धप् आवाज येतो तो ऐकूनच भूक लागते. वर दही आणि ठेचा.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना लांबलचक भिंत आहे. तिच्यावर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, बाजूच्याही आणि विरोधाच्याही, एकमेकींवर चुना फासून लिहिलेल्या. गयाबाईने निळ्या अक्षरांतल्या एका ओळीकडे उलथनं दाखवलं. "ते मपल्या नातीचं अक्षर हाय. वळणदार हाय का न्हाई?" खरंच वळणदार होतं. मास्तरीण म्हणून मी दहापैकी नऊ दिले.

रस्त्याच्या पलीकडे गादीवाल्याचं दुकान होतं. तिथे रहिमाबी नावाची बाई दारात बसून गादीला टाके घालत होती. मधून बैलगाड्या जात होत्या, एका पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. आणि गयाबाई तव्यावरचं धपाटं उलटता उलटता डाव्या हाताने हवेत काहीतरी करत होती. दोन बोटांनी मिशीला पीळ दिल्यासारखं केलं, मग गालावरून एक बोट खाली ओढलं. पलीकडे रहिमाबी खो खो हसली आणि सुई दातात धरून तिने दोन्ही हातांनी उत्तर दिलं.

"हे काय चाललंय?" मी कुसुमला विचारलं.

"रेच्यावरची बोली," कुसुम म्हणाली. "शेडमध्ये एवढा आवाज असायचा की शेजारणीचं ऐकू यायचं नाही. दिवसभर गप्प कोण बसणार? मग बायका हातांनी बोलायला शिकल्या. वीस-पंचवीस वर्षं त्या आवाजात बसून निम्म्या बहिऱ्या झाल्या. गिरणी बंद पडली, बोली राहिली."

मिशीला पीळ म्हणजे मुकादम. गालावरून बोट म्हणजे रडणं. जुन्या मुकादमाची सून माहेरी निघून गेली होती आणि तो रडत होता, ही बातमी माझ्यासमोर रस्ता ओलांडून गेली होती आणि मी ऐकू येणारी बाई ठार बहिरी ठरले होते.

धपाटी पानात पडली. मी आदल्या दिवशीचा धडा विसरून पुन्हा वन्संच्या कानात ओरडले, "तिखट आहे हं! पाणी जवळ ठेवा!"

"अवं बाई, कामून वरडायलात?" गयाबाई म्हणाली. "मला निम्मं ऐकू येतंय, तरी तुमचं समदं आलं." मग ती वन्संकडे वळली. वन्संचं वय, बहिरेपण आणि साधं सुती लुगडं हे सगळं तिने एका नजरेत जमेला धरलं. सेलूत या वयाची बहिरी बाई म्हणजे दुसरं काय असणार? तिचा चेहरा एकदम उजळला. "ह्या बी रेच्यावर व्हत्या व्हय? कोन्त्या गावाला?"

वन्संनी नेहमीप्रमाणे हसून मान डोलवली.

"किती वरसं? ईस?"

वन्संनी मान डोलवली.

मी सांगायला हवं होतं की या चिपळूणच्या आंबेवाल्यांच्या घरातल्या आहेत आणि यांनी गिरणी फक्त पिठाची पाहिली आहे. पण तोंडात धपाटं होतं. ते गिळेपर्यंत गयाबाईने रस्त्यापलीकडे हात फिरवून बातमी पोचवलीसुद्धा, आणि रहिमाबी गादी टाकून, दोन बैलगाड्या अडवून इकडे आली. "हौ क्या? रेचे पो थे तुम?" म्हणत तिने वन्संचा हात हातात घेतला. गयाबाईने दुसरा घेतला. दोघींनी त्यांना मधे बसवलं.

"तुमच्या तिकडली बोली येगळी असंल," गयाबाई म्हणाली. "आमच्यात असं असतंय." आणि तिने दाखवायला सुरुवात केली. तळव्यावर तळवा फिरवला की भाकरी. कानाची पाळी ओढली की सुट्टीचा भोंगा. कोपरात झुलवलं की लेकरू. कपाळावर हात मारला की महाग. अंगठा झटकला की नाही. दोन्ही हात पुढे लोटले की रेचा. वन्सं आधी अवघडून बसल्या होत्या. मग त्यांचा एक हात हलला, मग दुसरा. अर्ध्या तासात त्यांनी मुकादमाच्या मिशीला असा झोकदार पीळ दिला की दोघी बायका एकमेकींवर कोसळल्या, आणि वन्सं हसल्या. नेहमीचं मान डोलवण्याचं हसणं नव्हे. मोठ्याने, पोट धरून. तीन वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. धपाट्याच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आलं असं मी कुसुमला सांगितलं, पण ते खरं नव्हतं.

मग गयाबाईने राखणदाराला सांगून आम्हाला आत नेलं. लांब शेड, गंजलेल्या रेच्यांच्या दोन रांगा, तुळयांवर अजून चिकटलेला जुना कापूस. गयाबाई एका रेच्यापुढे जाऊन बसली. "हा मपला. तिकडला तिचा." रहिमाबीने तिकडून, पंधरा हातांवरून, हाताने काहीतरी सांगितलं. वन्सं तिसऱ्या रेच्यापुढे बसल्या आणि त्यांनी उत्तर दिलं. शेडमध्ये पारव्यांशिवाय कुणाचाही आवाज नव्हता आणि तिघींच्या गप्पांना खळ नव्हता. कुसुम आणि मी खांबाला टेकून पाव्हण्यांसारख्या उभ्या होतो.

गाद्यांचा सौदा त्यानंतर झाला. रहिमाबीचा नवरा धुनकीच्या दोरीवर कापूस पिंजत होता. तो किंमत सांगणार तोच वन्संनी रहिमाबीकडे बघून कपाळावर हात मारला. रहिमाबीने अंगठा झटकला. वन्संनी कोपरात लेकरू झुलवून दाखवलं; लेकीच्या लग्नाच्या गाद्या आहेत, असं. रहिमाबीने थोडा वेळ आढ्याकडे पाहिलं आणि मग मान तुकवली. तीन गाद्या आणि दोन दुलया ठरल्या. नवरा धुनकी थांबवून मला म्हणाला, "दुकान मेरा, कपास मेरा, और मेरेकूच नै पूछे!"

पण संध्याकाळी माझ्यापुढे संकट उभं राहिलं. वन्सं ओसरीवर बसून दिवसभरच्या खुणा पुन्हा पुन्हा करून बघत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "सुमन, त्या बायका पहिल्यांदा मला काय विचारत होत्या गं? मी हो म्हटलं खरं."

खोटं लिहायला मला जमलं असतं. मी लिहिलं नाही. पाटीवर लिहिलं, "तुम्ही वीस वर्षं गिरणीत कामाला होतात का, असं."

वन्संचे हात मांडीवर पडले. "म्हणजे मी त्यांना फसवलं," त्या हळू म्हणाल्या. "आपली समजून बिचाऱ्यांनी जवळ घेतलं. बघितलंस ना? मी सांगत होते ते हेच. मी चार माणसांत बसू नये. मांडवातही असंच होईल." त्या उठून आत गेल्या आणि जेवायलाही आल्या नाहीत. मी स्वतःला मनातल्या मनात खूप बोलले. बाईला एवढ्या लांब आणून मी तिची भीती खरी करून दाखवली होती.

तिसरा दिवस, हुरडा

ज्या हुरड्यासाठी बारा वर्षं पत्रं आली, त्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर कुसुम मला माफ करणार नाही. ज्वारीची कोवळी कणसं शेतातच खड्ड्यात गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. त्या खड्ड्याला आगटी म्हणतात. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळव्यांवर चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं आणि हिरवे मऊ दाणे लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर खात सुटायचं. आम्ही कोकणातली माणसं आंब्याच्या दिवसांत ताळतंत्र सोडतो. इथे ते हुरड्याच्या दिवसांत सोडतात. मी किती खाल्ला ते लिहीत नाही. घरी सासूबाई वाचतील.

कुसुमच्या दिरांच्या शेतात हुरडा होता, आणि तो भाजायला गयाबाईला बोलावलं होतं, कारण तिच्या हातचा करपत नाही असा लौकिक. रहिमाबीही आली होती. वन्सं येणार नाही म्हणत होत्या. कुसुमने त्यांना अक्षरशः दंडाला धरून गाडीत बसवलं.

आगटीपाशी सगळे बसलो. गयाबाईने पहिलं कणीस चोळून वन्संपुढे धरलं. वन्संनी ते घेतलं नाही. त्या आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "गयाबाई, मी कधी गिरणीत नव्हते. मला तुमचं ऐकू आलं नाही, मी उगाच हो म्हटलं."

आता झालं असं की स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे वन्सं फार हळू बोलतात, आणि गयाबाईला निम्मंच ऐकू येतं. तिने "आँ?" केलं. मी मधे बोलायला तोंड उघडलं तर कुसुमने मला चिमटा काढला. वन्सं क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि हात वर केले. दोन्ही हात पुढे लोटले, रेचा. अंगठा झटकला, नाही. स्वतःच्या कानाला बोट लावून पुन्हा अंगठा झटकला. मग आपली नेहमीची हसून मान डोलवण्याची इतकी हुबेहूब नक्कल केली की मला कसंसंच झालं. आणि शेवटी दोन्ही कान धरून, डोळे मिटून त्या तशाच बसून राहिल्या.

गयाबाईने राखेने माखलेला हात लुगड्याला पुसला, वन्संचे हात कानांवरून काढले आणि त्यांचा उजवा अंगठा आपल्या अंगठ्याशेजारी धरून मला दाखवला. तिच्या अंगठ्याचं नख अर्धं होतं आणि पेरावर जुन्या कापल्याचे वण होते. रहिमाबीनेही आपला अंगठा पुढे केला. तोही तसाच.

"आमाला कालच कळलं," गयाबाई म्हणाली. "हात हातात घेतला तवाच. रेच्यावरल्या बाईचा अंगठा असा लोण्यावानी ऱ्हातो व्हय?"

"मग शिकवलंत कशाला?" मी विचारलं.

गयाबाईने माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि हे विचारायलीय. "कान गेलं की मानूस कोपऱ्यात जाऊन बसतंय, बाई. आमी पन्नास जणी व्हताव, म्हून बसलाव न्हाई. ह्या एकल्याच व्हत्या."

हे तिने वन्संनाही हाताने सांगितलं. पन्नास कसं सांगितलं ते मला कळलं नाही, पण 'एकली' कळलं: तिने एकच बोट उभं धरलं आणि मग त्याच्याभोवती आपली दुसरी मूठ मिटली. वन्संनी दोघींकडे पाहिलं, गयाबाईच्या हातातलं कणीस घेतलं आणि खायला सुरुवात केली. मग ज्या गप्पा लागल्या त्या ऊन उतरेपर्यंत चालल्या. वन्सं कोपरात लेकरू झुलवत होत्या, डोक्यावर अक्षता टाकल्यासारखं काही करत होत्या, रहिमाबी बोटांवर काहीतरी मोजत होती. माझं सगळं लक्ष दह्यात कालवलेल्या हुरड्याकडे होतं, हे मी कबूल करते.

निघताना

परत जाताना पुण्यापर्यंत यष्टी घेतली, कारण गाद्या टपावर टाकता येतात. कंडक्टरने गाद्या बघून विचारलं, "बाई, दवाखाना काढायलात का?" गुरुजींनी वर चढून स्वतः दोऱ्या बांधल्या. कुसुमने येसराचा डबा, जवसाची चटणी, तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि हुरड्याची पिशवी असं सगळं आमच्या मांडीवर रचलं, आणि आमच्या तोंडाकडे बघणं अशक्य झाल्यावर खाली उतरली.

खिडकीची काच अर्ध्यावर वाकडी होऊन बसली होती, वर जाईना की खाली येईना. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि सगळी गाडी थरथरायला लागली. शेजारच्या यष्टीनेही त्याच वेळी भोंगा दाबून धरला. कुसुम खाली उभी राहून काहीतरी ओरडत होती. मी "काय? काय?" करत होते. ती तोंडाशी हात नेऊन पुन्हा ओरडली. मी कानाशी हात नेला. ती पुन्हा ओरडली. मी हसून मान डोलवली.

मान डोलवली आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

शेजारी वन्सं माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर कुसुमच्या डोक्यावरून पलीकडे, स्टँडच्या फाटकातल्या कडुलिंबाखाली होती. तिथे गर्दीच्या मागे गयाबाई आणि रहिमाबी उभ्या होत्या आणि त्यांचे चारही हात चालले होते. वन्संचे दोन्ही हात काचेशी होते. गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली, तरी त्या मागे वळून हात हलवतच होत्या, आणि तो निरोपाचा हात नव्हता, त्या बोलत होत्या. गाव संपून ज्वारी सुरू झाली तेव्हा त्या नीट बसल्या आणि त्यांनी मांडीवरचा डबा सारखा केला.

मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि भुवया उंचावून, तळवा उताणा करून विचारलं. काय?

"येतो म्हणाल्या," वन्सं म्हणाल्या.

मी पुन्हा तळवा उताणा केला.

"मीनाच्या लग्नाला. दोघी. कुसुम घेऊन येणार आहे त्यांना, तेच तर ती मघापासून ओरडत होती, तुला ऐकू आलं नाही का? मी काल हुरड्यावरच बोलावणं केलं." मग त्या एवढ्या मोठ्या आवाजात बोलल्या की पुढच्या बाकावरची माणसं आणि कंडक्टर मागे वळून बघायला लागले. "आता मला मांडवातच बसायला हवं, सुमन. मी आत बसले, तर त्यांना तिथे काय चाललंय ते कोण सांगणार?"